शिवणारीला अजून विचारता येतं

उपनगरातल्या एका कॉलेजात फॅशन डिझाइन शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने विचारलं आहे: त्यांच्या विभागाकडे देणगीतून आलेल्या जुन्या कपड्यांचा लहानसा संग्रह आहे. नऊवारी लुगडी, खणाच्या चोळ्या, परकर-पोलकी, एक पारशी गारा (रेशमी भरतकामाची साडी), एक बाराबंदी (बंदांनी बांधायचा जुना अंगरखा). त्याच कपाटांत गेल्या तीसेक वर्षांत शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी केलेले कपडेही भरून ठेवले आहेत. आता जागा संपली. व्यवस्थापन म्हणतं, विद्यार्थ्यांचे कपडे म्हणजे इतिहास नव्हे, ते काढून टाका. काढावेत का? ठेवायचे तर कोणते आणि कसे?

सरसकट काढू नका आणि सरसकट ठेवूही नका. पण निर्णय व्हायच्या आधी, याच आठवड्यात, दोन्ही प्रकारचे कपडे वेगळ्या कपाटांत हलवा. का ते पुढे सांगते. आधी ठेवायचे कशासाठी, त्याबद्दल.

तीस वर्षं मी मुंबईत जुन्या कपड्यांची निगा राखण्याचं काम करते आहे. या कामात आमचा निम्मा वेळ अंदाज बांधण्यात जातो. एकदा माझ्याकडे एक बाराबंदी आली होती. पांढरं सुती कापड, हाताचा बारीक धावदोरा, बंद जवळजवळ सगळे जागेवर. डाव्या काखेतला चौबगला, म्हणजे काखेत जोडलेला चौकोनी तुकडा, मात्र वेगळ्याच कापडाचा, जरा जाडसर. कापड कमी पडलं म्हणून दुसरं लावलं? घामाने मूळचा तुकडा विरला म्हणून नंतर बदलला? शिवणाऱ्याने घातला की घरातल्या बाईने? दोरा पाहिला, टाके मोजले, भिंगाखाली बघितलं. शेवटी नोंदवहीत लिहावं लागलं ‘बहुधा नंतरची दुरुस्ती’. त्या ‘बहुधा’च्या पुढे आम्ही कधीच जाऊ शकणार नाही, कारण विचारायला कोणी उरलेलं नाही.

तुमच्या कपाटातल्या विद्यार्थ्यांच्या कपड्यांचं तसं नाही. ते करणारी माणसं आज विशी ते पन्नाशीत आहेत. कोणी ठाण्याला असेल, कोणी दुबईला. फोन केला तर उचलतील. तुमच्या सगळ्या संग्रहात फक्त याच कपड्यांबद्दल खात्रीने काही लिहिता येईल. ती खात्री हाताशी असताना कपडे टाकून द्यायचे, हे मला पटत नाही.

असाच एक अनुभव सांगते. नव्वदच्या दशकात एका विद्यार्थिनीने केलेलं जाकीट माझ्यासमोर आलं. बाहेरून अगदी साधं, राखाडी सुती, बिनकॉलरचं. अस्तराची खालची शिवण सुटली होती, म्हणून आत पाहता आलं. उजव्या मुंढ्याभोवती, म्हणजे बाही जोडतात त्या घेराभोवती, खडूच्या तीन रेघा होत्या, एकीच्या आत एक, आणि जुन्या टिपांची भोकं. मुंढा दोनदा उसवून तिसऱ्यांदा बसवला होता. बाजूच्या शिवणीच्या मार्जिनमध्ये कापडाचा मूळचा काठ तसाच ठेवलेला, त्यावर गिरणीच्या नावाची अर्धी अक्षरं छापलेली. मी त्या बाईंना शोधलं, फोन केला. त्या म्हणाल्या, जाकीट बहिणीच्या मापाचं होतं, बहीण रोज लोकलने कामाला जायची, खांद्यावर जड पर्स, तो खांदा उतरला होता. दोन्ही मुंढे सारखे कापल्यामुळे एक बाजू ओढत होती. आणि कापड वडिलांनी गिरणीच्या दुकानातून कटपीस म्हणून आणलेलं. ते परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १९८२ च्या संपानंतर जी माणसं परत कामावर गेली त्यांच्यातले ते, आणि पुढे ती गिरणीही बंद झाली.

दहा मिनिटांचं बोलणं. त्या आधी ते ‘शेवटच्या वर्षाचं जाकीट, राखाडी’ होतं. त्यानंतर ते गिरणगावातल्या एका घराचं जाकीट झालं. बाईंचं बोलणं मी त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं आणि जाकिटाच्या फायलीला लावलं.

आता निवडीबद्दल. व्यवस्थापनाला पटवताना बहुतेक जण मोठ्या नावांची उदाहरणं देतात, आणि उदाहरणं खरीच आहेत. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयातून पुढे जगप्रसिद्ध झालेला फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन १९९२ मध्ये बाहेर पडला, तेव्हाचं त्याचं पदव्युत्तर कलेक्शन फॅशन संपादक इझाबेला ब्लो यांनी ५,००० पौंडांना विकत घेतलं, तेही हप्त्याहप्त्याने. त्यातला काटेरी नक्षीचा गुलाबी कोट २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या प्रदर्शनात मांडला गेला. विद्यार्थ्याने केलेला कपडा एकोणीस वर्षांत तिथे पोहोचला. पण कोण पुढे नाव काढणार हे ओळखून कपडे ठेवायचं ठरवलंत, तर बहुतेक वेळा चुकाल. तो आधार घेऊ नका.

त्यापेक्षा आपल्या घरचं उदाहरण मला जास्त टोचतं. भानू अथैया कोल्हापूरच्या, शिकल्या आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये भारताला पहिलं ऑस्कर त्यांनी मिळवून दिलं. २०१२ मध्ये त्यांनी ते ऑस्कर नीट सांभाळलं जावं म्हणून ते देणाऱ्या अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवलं. एका धातूच्या बाहुलीला आपल्याकडे भरवशाची जागा त्यांना दिसली नाही. मग कापडाचं काय होत असेल? तुमच्या विभागाकडे दोन कपाटं आहेत आणि काळजी करणारी एक व्यक्ती आहे. मुंबईत हेही फार ठिकाणी नाही.

तर ठेवायचं काय? रॅम्पवर बक्षीस मिळालेला कपडा आपोआप ठेवू नका. तो बहुतेकदा त्या संध्याकाळपुरता केलेला असतो. आत फेव्हिकॉल, सेफ्टी पिना, हॉट ग्लू, मागे चिमट्यांनी आवळलेलं माप. मी आधी पाहते की कपड्याबरोबर काही कागद आहे का. स्केच, कागदी पॅटर्न, मांजरपाटावर केलेली पहिली फिटिंग, कापडाचे नमुने, मंगलदास मार्केटचं किंवा भुलेश्वरच्या लेसवाल्याचं बिल. बिल फेकू नका. कोणत्या साली कोणतं कापड काय भावाने मिळत होतं, हे दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेलं नसतं.

दुसरं, तुमच्याच संग्रहातल्या जुन्या कपड्यावरून सुचलेलं काम. कोणी तुमच्या खणाच्या चोळीचा अभ्यास करून जाकीट केलं असेल तर चोळी आणि जाकीट ही जोडी आहे, दोन्हींच्या नोंदीत एकमेकींचे क्रमांक लिहा. अशी जोडी मोठ्या संग्रहालयांनाही सहजी मिळत नाही.

आणि तिसरं, ज्याच्याकडे कोणी बघत नाही: पहिल्या वर्षाच्या नमुन्यांच्या वह्या. जाड कागदावर चिकटवलेले मांजरपाटाचे तुकडे, त्यावर काजं, हुक-आयलेट, प्लॅकेट, चुण्या, सहा प्रकारच्या शिवणी, खाली निळ्या शाईत नाव आणि रोल नंबर, कोपऱ्यात बाईंची लाल शाईतली सही. आपल्याकडे कपड्यांचं शिक्षण फॅशनच्या आधी गृहविज्ञानातून आलं. एसएनडीटी, निर्मला निकेतन यांसारख्या संस्थांमधून मुली पिढ्यान् पिढ्या शिवण शिकत आल्या. निफ्ट ही सरकारी फॅशन संस्था दिल्लीत १९८६ मध्ये सुरू झाली, मुंबईत १९९५ मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधीपासून या वह्या भरल्या जात होत्या. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा नावाजलेला वस्त्रसंग्रहही गृहविज्ञान विभागातच शिकवण्यासाठी जमवलेल्या कपड्यांतून उभा राहिला. तुमच्या विभागात अशा वह्या असतील तर त्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. मला एक वही आठवते, तिच्यात हाताने केलेली बारा काजं एका ओळीत होती. पहिलं काज अगदी वेडंवाकडं, टाक्यांत अंतर, कड उसवलेली. सातव्यापाशी टाके जवळ आले. बाराव्याला कड दोरीसारखी घट्ट आणि गोल. मुलीचा हात बसताना मी पाहत होते. कुठल्याच राजघराण्याच्या अंगरख्यात हे दिसणार नाही, तिथे फक्त तयार झालेला हात दिसतो.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने नोंदवा: शिवलं कोणी. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे की शेवटच्या वर्षाचे कित्येक कपडे कोपऱ्यावरच्या टेलर मास्तरांनी शिवलेले असतात आणि भरतकाम अड्ड्यावर (कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीवर) बसणाऱ्या कारागिरांनी केलेलं असतं. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले ते जरदोजीचे, म्हणजे जरीच्या भरतकामाचे, हात. विद्यार्थिनीला हे सांगायला संकोच वाटतो, गुण जातील ही भीती मनात अजून असते. तिला सांगा, आता गुण कोणी कापणार नाही. कारागिराचं नाव आठवत असेल तर नाव लिहा, नसेल तर मोहल्ला लिहा. बाराबंदी शिवणाऱ्याचं नाव आपण हरवलं. ही चूक आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा व्हायला नको.

आता कपाटं वेगळी करायचं कारण. जुन्या कपड्यांत सूत, रेशीम, लोकर, जर असते. त्यांचे दोष आपल्याला माहीत आहेत. विद्यार्थ्यांच्या कपड्यांत काहीही असतं: रेक्झिन, फोम, लायक्रा, प्लॅस्टिकच्या टिकल्या, रबर सोल्यूशन, घरी उकळून दिलेला रंग. यातल्या फोममध्ये आणि काही रेक्झिनमध्ये असणारं पॉलियुरेथिन हे प्लॅस्टिक हवेतल्या ओलाव्यानेच आतून तुटत जातं. काही दशकांत फोमचा भुगा होतो, कापडावरचा थर चिकट होऊन सोलतो. एका कपाटात मला काळ्या रेक्झिनचं एक जाकीट सापडलं होतं, शेजारच्या रेशमी पोलक्याला टेकून टांगलेलं. बाही सोडवताना काळा पापुद्रा पोलक्यावर राहिला, तळहाताएवढा. तो डाग आजही तिथे आहे, रेशीम न फाडता तो काढता येत नाही. पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकचं दुखणं निराळं: त्यातून तेलकट द्रव पाझरतो, आणि त्यातून निघणारं आम्ल जवळचे हुक, बटणं, जर खराब करतं. प्लॅस्टिकची ही मोडतोड थांबवता येत नाही, थोडी लांबवता येते. म्हणून असे कपडे सगळ्यांपासून दूर, हवा खेळती असेल अशा जागी ठेवा, आणि त्यांचे चांगले फोटो आधी काढून घ्या. काहींच्या बाबतीत शेवटी फोटो आणि पॅटर्नच उरणार आहे.

रंगाचं तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एका संस्थेचा संग्रह तळमजल्यावर होता, नाव घेत नाही. दोन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा खालच्या कप्प्यात विद्यार्थ्याने रंगवलेला किरमिजी दुपट्टा आणि एक पांढरं लुगडं एकमेकांवर पडलेले होते. दुपट्ट्याचा रंग पक्का केलेला नव्हता. लुगड्याच्या पदरापासून दंडापर्यंत, म्हणजे जोडाच्या शिवणीपर्यंत, किरमिजी लाट पसरली होती. ते लुगडं देणाऱ्या आजी हयात होत्या, त्यांना मी कळवलं. तो फोन माझ्या कामातला सगळ्यात अवघड फोन होता. म्हणून विद्यार्थ्यांचा रंगीत कपडा आत घेताना आतल्या शिवणीवर ओला कापसाचा बोळा हलकेच टेकवून पाहा. बोळ्याला रंग लागला तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि तो कपडा कायम सगळ्यात खाली, एकटा.

बाकी निगा थोडक्यात सांगते, कारण ती जुन्या आणि नव्या कपड्यांना सारखीच लागते. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, आणि जुलैत आपल्याकडे ती ८० च्या वर असते. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद असं करू नका, त्या चढउताराने जास्त नुकसान होतं. त्यापेक्षा ओलावा शोषणारं एक यंत्र सतत चालू ठेवा आणि शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन बरा आर्द्रतामापक आणा. लोखंडी कपाट चालेल, लाकडी नको. बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, जमिनीपासून वीतभर उंच ठेवा. डांबरगोळ्या काढून टाका: माणसांना त्रास होतो आणि काही प्लॅस्टिक त्यांनी मऊ पडतं. वेखंड, कडुनिंब, लवंग यांच्या पुरचुंड्या आपल्या आज्या ठेवायच्या, त्या हरकत नाही, पण कपड्याला टेकू देऊ नका आणि त्यांच्या भरवशावर तपासणी सोडू नका. कसर खळीवर येते, म्हणून खळ दिलेलं काही आत जाता कामा नये. कीड दिसली तर कपडा पॉलिथिनमध्ये हवा काढून बांधा, उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. मणी-टिकल्या, प्लॅस्टिक असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय हे करू नका. बुरशी यामुळे मरत नाही, हेही लक्षात ठेवा.

जड भरतकामाचे आणि तिरक्या कापाचे कपडे टांगू नका, आडवे ठेवा, घडीत खळ काढलेल्या मलमलीची वळकटी घाला. टांगायचे असतील ते पॅड लावलेल्या रुंद हँगरवर. सेफ्टी पिना आजच काढा. प्रदर्शनात उजेड ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त नको.

प्रत्येक कपड्याला क्रमांक द्या: साल, त्या सालातला अनुक्रम, आणि संच असेल तर क, ख, ग. सुती फितीवर न पसरणाऱ्या शाईने लिहून आतल्या शिवणीवर दोन-चार सैल टाक्यांनी लावा. टोचायची पिन नको, चिकटपट्टी नको. आणि देणगीपत्र घ्या. पंचवीस वर्षं कपाटात पडून आहे म्हणून कपडा कॉलेजचा होत नाही. त्या पत्रात फोटो छापायची, प्रदर्शनात मांडायची परवानगी वेगळी लिहून घ्या, कारण कपडा दिला म्हणजे त्याच्या डिझाइनवरचा हक्क दिला असा अर्थ होत नाही.

तुमच्या विद्यार्थ्यांनी जुन्या कपड्यांच्या प्रतिकृती केल्या असतील, तर त्यांच्याबाबत मी अगदी कडक आहे. बाराबंदीची चांगली प्रतिकृती हातशिलाईने, हातमागाच्या कापडावर केलेली असली आणि चार पावसाळे कपाटात काढले, की पन्नास वर्षांनी येणारी बाई तिला खरी समजेल. माझीच एकदा अशी फसगत होता होता राहिली. टाका जुन्यासारखा होता, कापड पिवळं पडलं होतं, फक्त दोरा पॉलिएस्टरचा निघाला म्हणून वाचले. आत अस्तराला पट्टी शिवा, त्यावर ‘प्रतिकृती’, करणाऱ्याचं नाव आणि साल. पट्टी चिकटवायची नाही, शिवायची. अशा प्रतिकृती वर्गात हातात द्या, घालून पाहू द्या, उसवू द्या. त्यासाठीच त्या आहेत. मूळ कपडा मात्र कोणाच्याही अंगावर चढता कामा नये, गॅदरिंगला नाही, फोटोशूटला नाही, संचालकांच्या मुलीच्या लग्नाला तर नाहीच. विद्यार्थ्यांचे संग्रहात घेतलेले कपडेही याच नियमात. स्वतः करणारी मागायला आली तरी. तिला नवा करून घ्यायला पॅटर्न द्या.

उरलेल्यांचं काय करायचं? आधी ज्याचा त्याला विचारा. कित्येक जणी आनंदाने घेऊन जातात, काहींना आपलं काम अजून आहे हे ऐकूनच भरून येतं. जे कोणी नेत नाही, ज्याला कागद नाही, पण शिवण शिकवण्यासारखी आहे, ते हाताळणीच्या पेटीत टाका. मुलांना मुंढा आतून पाहायला मिळू दे. त्यानंतर उरतील ते सोडून द्या, पण प्रत्येकाचा फोटो आणि एका ओळीची नोंद ठेवून.

हे सगळं मे महिन्यात सुरू करा, पावसाच्या आधी. एका दिवशी पाचच कपडे, त्याहून जास्त नको. ऑफिसमधून जुन्या पटावरचे पत्ते काढा, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाका. फोन लागला की ‘हे कशावरून सुचलं’ असं विचारू नका, त्यावर माणसं परीक्षेतलं उत्तर देतात. विचारा, ‘हे कापड कुठून आणलं होतंत?’ आणि मग लिहून घ्यायला वही जवळ ठेवा.